गिरणीच्या रांगेतलं ओआहाका

नमस्कार श्रोतेहो.

मेक्सिकोला एकटी जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, "काय काय पाहिलंत?" मी जेमतेम पाच नावं सांगते आणि समोरचा बुचकळ्यात पडतो. आठ आठवडे, आणि गावं फक्त पाच? हो, पाचच. मेक्सिको सिटी, पुएब्ला, ओआहाका, आणि मग डोंगर उतरून पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची पुएर्तो एस्कोंदिदो आणि मासुंते. एका गावात निदान आठ दिवस राहायचं, असं मी निघतानाच ठरवलं होतं. पुन्हा सांगते, निदान आठ दिवस. चौथ्या दिवशी मंडईतली फळवाली ओळखीचं हसते, सहाव्या दिवशी तिने आपल्यासाठी पिकलेली पपई बाजूला काढून ठेवलेली असते. तिसऱ्या दिवशी बॅग भरणाऱ्याच्या नशिबी ती पपई नाही.

मेक्सिको सिटीत तर घाई करताच येत नाही. शहर २२४० मीटर उंचीवर आहे, पहिले दोन दिवस साधा जिना चढताना धाप लागते. मी एक अख्खी सकाळ शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत काढली. तिथे दिएगो रिवेराची भित्तिचित्रं आहेत, आणि त्यांतल्या एका चित्रात मेजाभोवती जमलेल्या माणसांमध्ये भाकर मोडणारा माणूस आहे आपल्या वर्ध्याचा. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोला पोहोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी मोलाचं काम केलं. त्यांच्यावर आपल्या शाळेच्या पुस्तकात एक धडा हवा, असं मला फार मनापासून वाटतं. त्या चित्रासमोर बसले, आणि पुढे सबंध प्रवासभर मका काही माझी पाठ सोडेना.

पुएब्ला तिथून बसने दोन तासांवर. निळ्या-पांढऱ्या तालावेरा फरशांच्या भिंती आणि मोले, म्हणजे सुक्या मिरच्या, तीळ, मसाले आणि थोडा कोको वाटून केलेला दाट रस्सा. तिथेही आठ दिवस राहिले. पण मला आज सांगायचं आहे ते ओआहाकाचं.

ओआहाकात हालातलाको नावाची जुनी वस्ती आहे. दगडी गल्ल्या, रंगवलेल्या भिंती. तिथे एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या घरी मी माडीवरची खोली घेतली. सगळे त्यांना दोन्या म्हणत, आपण आदराने बाई म्हणतो तसं. आणि त्या मला म्हणत मीहा, म्हणजे पोरी. बावन्नाव्या वर्षी कुणी पोरी म्हटलं, मला फार बरं वाटलं.

दोन्या रोज संध्याकाळी अंगणात मका शिजत लावायच्या, चुन्याच्या पाण्यात. हो, आपण पानाला लावतो तोच चुना. मग रात्रभर तो मका त्याच पाण्यात मुरायचा. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ चिकट होतं आणि मक्यातलं सत्त्व अंगी लागतं. अंगणभर त्याचा वास असे, पहिल्या पावसात चुना दिलेली भिंत भिजते ना, तसा. सकाळी तो मका तळहातांत चोळून धुवायचा, पिवळी सालं पाण्यावर तरंगतात, आणि मग बादली घेऊन गिरणीत.

गिरणी, श्रोतेहो! मोलिनो. दोन गल्ल्या सोडून. पीठ मात्र ओलं, थेट मळल्यासारखा गोळाच बाहेर पडतो.

एका सकाळी दोन्यांचं मनगट दुखत होतं. मी म्हटलं, बादली मी नेते. सहा-साडेसहाची वेळ. गिरणीसमोर बादल्यांची रांग लागलेली, प्रत्येकीवर ओलं फडकं, आणि बायका बाजूला भिंतीला टेकून गप्पा मारतायत. नंबर बादलीचा! मी लहानपणी सांगलीत डबा ठेवून नंबर लावायचे, अगदी तसाच. काही न विचारता माझी बादली शेवटी ठेवली आणि भिंतीला टेकले.

नंबर आला. गिरणीवाल्याने बादलीत हात घातला, दाणा दाबून पाहिला आणि विचारलं, "पारा तोर्तिया ओ पारा तामाल?" तोर्तियासाठी, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीसाठी, की तामालसाठी, म्हणजे सारण भरून पानात उकडायच्या मक्याच्या पिठासाठी? पट्ट्याचा खडखडाट चाललेला. माझ्या कानात शेवटचा शब्द तेवढा राहिला. मी म्हटलं, "तामाल." त्याने दगडांचा स्क्रू थोडा सैल केला आणि दळलं.

घरी आले. दोन्यांनी चिमूटभर पीठ घेतलं, अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं, आणि थांबल्या. रवाळ. तोर्तियाला बारीक लागतं, तामालला जाडं. तरी त्यांनी एक तोर्तिया थापून कोमालवर, म्हणजे त्यांच्या तव्यावर टाकून पाहिली. बाजरीची भाकरी गार पाण्यात मळली तर कडेने चिरते, तशी चिरली. मला फार वाईट वाटलं. आदल्या संध्याकाळपासूनचे त्यांचे कष्ट होते ते.

दोन्या क्षणभर बसल्या. मग उठल्या, भिंतीपलीकडे हाक मारून शेजारणीला बोलावलं, बहिणीला निरोप धाडला, आणि मला म्हणाल्या, मीहा, मंडईतून केळीची पानं आण.

अकरा वाजेपर्यंत आम्ही सात जणी मेजाभोवती. दोन्यांनी घरातलं काळं मोले काढलं, कुणी कोंबडी शिजवून आणली. माझ्यासाठी चीज आणि मिरचीचं सारण वेगळं, पीठही चरबीऐवजी तेलात फेसलेलं. केळीची पानं समोर आली, कोरी, कडक. घडी घातली की फाटणार. मी एक पान उचललं, गॅस पेटवला आणि विस्तवावरून अलगद फिरवलं. पान गडद झालं, चमकलं आणि मऊ पडलं. आई पानगीसाठी करायची तसंच. दोन्यांच्या बहिणीने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पानांचा सगळा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

त्या दिवशी सगळी पानं मी शेकली.

दुसऱ्या दिवशी दोन्यांनी मला वाक्य पाठ करून घेतलं: "पारा तोर्तिया, बिएन फिना, पोर फावोर." तोर्तियासाठी, अगदी बारीक, कृपा करून. त्यानंतर मनगट बरं झालं तरी बादली माझ्याकडेच राहिली. एकदा मला उशीर झाला, तर रांगेतल्या बायकांनी बादली पुढे सरकवून घेतली. आठ दिवसांसाठी गेले होते, एकोणीस दिवस राहिले.

आपल्याकडे गल्लीतल्या गिरण्या बंद पडतायत आणि आपण पाकिटातलं पीठ घेतोय, हे मला अजिबात पटत नाही. गहू घरचा निवडलेला आणि पीठ डोळ्यांदेखत दळलेलं हवं. असो.

आता किनारा. ओआहाकाहून पुएर्तो एस्कोंदिदोला फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा महामार्ग खुला झाला, तीन तासांत समुद्र. मी मात्र जुन्या वळणांच्या घाटाने गेले आणि वाटेत सान होसे देल पासिफिकोला पाइनच्या रानात, ढगांत, दोन रात्री थांबले. पोट नाजूक असेल तर आल्याची वडी जवळ ठेवा. पुएर्तोत सिकातेलाचा किनारा लाटांवर स्वार होणाऱ्यांचा आहे, तिथे पोहायला उतरू नका. पुन्हा सांगते, सिकातेलाला पोहू नका. पोहायला कारिसालियोची छोटी खाडी आहे.

मासुंतेत १९९० पर्यंत कासवं मारणं हाच लोकांचा धंदा होता. त्या वर्षी बंदी आली, आणि आता तिथे कासवांचं केंद्र आहे. त्या किनारपट्टीवर येणारी ऑलिव्ह रिडले म्हणजे आपल्या वेळासला, आंजर्ल्याला अंडी घालायला येते तीच जात. वेळासची मंडळी घरट्यांना कुंपण घालून जे राखतात, ते मी मासुंतेत मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, तेव्हा लोक खुर्च्या ओढून जवळ आले.

एकट्या बाईने जायचं तर माझे नियम साधे: लांबचा प्रवास दिवसाच्या बसने, टोलच्या रस्त्याने. प्यायला जारचं पाणी. कुठली गल्ली किती वाजेपर्यंत ठीक, हे घरमालकिणीला विचारायचं, आणि तिचं ऐकायचं. दुपारी दोन ते चार पोटभर जेवायचं, कोमिदा कोरिदा मागायची, म्हणजे आपली राइस प्लेट, आणि मग खुशाल आडवं व्हायचं. प्रवासात वामकुक्षी सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

कोरडा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. आणि एक-दोन नोव्हेंबरला तिथे मृतांचे दिवस. घराघरांत पितरांसाठी मांडणी असते, झेंडूच्या फुलांची. झेंडू मूळचा तिथलाच, आपण दसऱ्याला तोरण बांधतो तो.

ऑक्टोबरच्या अखेरीला मी पुन्हा निघते आहे. दोन्यांचा निरोप आलाय: सणाला गिरणीत फार गर्दी असते, पहाटे पाचला नंबर लावावा लागेल, बादली तुझीच. ह्या वेळी गिरणीवाल्याने विचारलं, की उत्तर तामालच द्यायचं आहे.