दोन खमकी कुत्री, एक घर: भांडणं नेमकी कुठे पेटतात?

नमस्कार. घरात दोन कुत्री आहेत. वर्षभर गुण्यागोविंदानं राहिली, एकमेकांच्या अंगावर रेलून झोपली. मग धाकटं दीड-दोन वर्षांचं होतं आणि एका संध्याकाळी दोघं एकमेकांच्या मानगुटीला धरतात. घरातले म्हणतात, "काही कारणच नव्हतं हो."

कारण असतं. पिल्लू लहान असतं तोवर थोरलं कुत्रं त्याला सवलत देतं आणि पिल्लूही पड खातं. साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रं मनानं प्रौढ होतं. तेव्हा सवलत बंद होते आणि पड खाणंही. रॉटवायलर, अकिता, मॅलिन्वा, बुल टेरियर, जॅक रसेल अशा जातींत हे जास्त उघड दिसतं. पण जातीवर जाऊ नका, मिश्र जातीचं कुत्रंही तितकंच खमकं निघू शकतं.

आजच्या व्हिडिओत आमचं म्हणणं एवढंच आहे की कुत्र्यांचा स्वभाव बदलायच्या मागे लागण्याआधी घरातल्या तीन जागा आणि एक वेळ बदला. बहुतेक भांडणं तिथेच होतात.

आधी एक सल्ला निकालात काढू. "त्यांना एकदा भांडू द्या, बॉस कोण ते ठरलं की शांत होतील." या समजुतीचं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. 1947 साली प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासातल्या लांडग्यांवर लिहिलं. ते लांडगे एका आवारात कोंडलेले होते, हरलेल्याला निघून जायला जागाच नव्हती. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी आधी ही 'अल्फा'ची, म्हणजे झुंजून बॉस ठरणाऱ्या लांडग्याची, कल्पना लोकांपर्यंत पोचवली आणि 1999 मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे अशा झुंजी लावून नंबर ठरत नाहीत. आता तुमचं घर आठवा. चार भिंती, बंद दार, हरलेल्याला जायला जागा नाही. म्हणजे शेंकेल यांचं आवारच की! भांडू दिलं तर काहीही मिटत नाही. प्रत्येक भांडणानंतर पुढचं भांडण लवकर पेटतं, आणि आधीचं गुरगुरणं वगैरे इशारे कमी होत जातात.

जोडी अजून ठरायची असेल तर थोडक्यात सांगतो. एक नर आणि एक मादी ही जोडी त्यातल्या त्यात सोपी. दोन माद्यांची भांडणं सहसा जास्त चिवट असतात, जास्त दुखापतीची असतात आणि परत जुळवणं अवघड जातं. एकाच विणीतली दोन पिल्लं एकदम आणू नका. पहिलं कुत्रं किमान दोन वर्षांचं, हाकेला येणारं झालं की मगच दुसरं आणा. वजनातला फरकही बघा. आठ किलोच्या कुत्र्याला पस्तीस किलोच्या कुत्र्याचा एकच चावा जिवावर बेतू शकतो. नसबंदीनं दोन नरांमधली काही चुरस कमी होते, मादी माजावर आल्यावरचा ताणही टळतो, पण आधीच जुंपलेली भांडणं केवळ नसबंदीनं मिटतील असं धरून चालू नका.

आता त्या जागा. पहिली आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे दार.

[स्क्रीनवर: दाराच्या चौकटीचा वरून काढलेला नकाशा]

बेल वाजते. दोन्ही कुत्री एकदम धावतात. चौकट जेमतेम तीन फुटांची, त्यात दोन अंगं घासतात, दोघांचाही पारा चढलेला. पाहुण्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून राग शेजारच्यावर निघतो. कुंपणापाशी आणि खिडकीपाशीही हेच होतं. बाहेरून दुसरं कुत्रं जातं आणि भांडण लागतं घरातल्या दोघांत. यावर उपाय म्हणजे दारापासून निदान आठ-दहा फुटांवर प्रत्येकाची वेगळी गादी ठेवा, दोन गाद्यांमध्ये सहा फूट अंतर. 'गादीवर जा' हे आधी एकेकट्याला शिकवा, दुसरं कुत्रं दुसऱ्या खोलीत. वाटाण्याएवढा खाऊ, तोही गादीवरच टाकायचा, हातातून द्यायचा नाही. हातातून दिला की कुत्रं तुमच्याकडे सरकतं आणि गादी सुटते. रोज तीन-तीन मिनिटांचे दोन-तीन सराव पुरे. एकेकटं पाच मिनिटं शांत बसायला लागलं की मग दोघांना एकत्र बसवा. शेवटी बेल. तीही आधी मोबाईलवर, बारीक आवाजात.

सोडताना नाव घेऊन सोडायचं. "चला" म्हटलं की दोघं एकदम उठणार आणि चौकटीत परत तीच घासाघीस होणार. आधी एकाचं नाव, ते पूर्ण बाहेर गेलं की दुसऱ्याचं. थोरल्याला आधी की धाकट्याला, याची फार चिकित्सा करू नका. रोजचा क्रम तोच ठेवा, म्हणजे दुसऱ्याला कळतं की आपली पाळी येणार आहे.

दुसरी जागा, अन्न. इथे बोलण्यासारखं थोडंच आहे: वेगळ्या खोल्या, बंद दार, पंधरा मिनिटांनी दोन्ही भांडी उचलायची, दोन्ही भांडी उचलल्यावरच दारं उघडायची. रिकाम्या भांड्यावरूनही भांडणं होतात. हाडं आणि चघळायच्या वस्तू फक्त बंद दाराआड. चेंडू, दोरी अशी खेळणी एकत्र असताना जमिनीवर नकोत. पाण्याची भांडी मात्र दोन, वेगवेगळ्या कोपऱ्यांत, आणि झोपायच्या जागा कुत्र्यांच्या संख्येपेक्षा एक जास्त.

तिसरी जागा म्हणजे तुम्ही स्वतः. तुम्ही सोफ्यावर बसलात, एक कुत्रं मांडीला टेकून आहे, दुसरं येतं. पहिलं मान न वळवता फक्त डोळे वळवतं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो. तोंड धापत होतं ते मिटतं. शेपूट हलत असेल तर ती ताठ होऊन वरच्या वर, बारीक थरथरते. अंग दगडासारखं. हे दोन सेकंद असतात, आणि नेमके याच वेळी लोक पहिल्याच्या डोक्यावरून हात फिरवून "शांत, शांत" म्हणतात. तसं करू नका, ज्या गोष्टीवर ते हक्क सांगतंय तीच तुम्ही त्याच्याकडे ठेवताय. रागवूही नका. उठा आणि तिथून चालू लागा. भांडायचं कारणच उठून गेलं की बहुतेक वेळा ताण तिथेच उतरतो. दोन पावलं गेल्यावर आनंदी आवाजात हाक मारा, एकेकाला गादीवर पाठवा.

गुरगुरल्याबद्दल शिक्षा कधीच नको. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद पाडलीत तर कुत्रं न सांगता चावायला शिकतं.

चौथी गोष्ट, उत्साहाची वेळ: तुम्ही बाहेरून घरी येता ती मिनिटं, फिरायला निघायच्या आधीची मिनिटं, आणि हाताबाहेर गेलेला खेळ. घरी आल्यावर दोघांना घरातल्या गेटच्या, म्हणजे खोलीच्या दारात लावायच्या बुटक्या अडथळ्याच्या, वेगवेगळ्या बाजूंना ठेवून भेटा. पट्टे लावतानाही वेगळ्या खोल्यांत. खेळताना दोघं आलटून पालटून खाली-वर होतायत का, मध्येच थांबतायत का ते बघा. एकच सतत वर असेल आणि खालचं निसटायला बघत असेल तर तो खेळ राहिलेला नाही. जाता जाता एक: खेळताना गळ्यातली कॉलर काढून ठेवा. एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या कॉलरमध्ये अडकला की दोघंही घाबरून ओढतात, आणि कॉलर गळ्याला पीळ घालते.

मांडणीबद्दल बोलतोय तर गेटचं सांगायलाच हवं. लहान मुलांसाठी मिळणारं साधं गेट साधारण 75 सेंटिमीटर उंच असतं. मध्यम आकाराचं कुत्रं ते सहज ओलांडतं. निदान एक मीटरचं घ्या, आणि नुसत्या दाबावर बसणारं नको, भिंतीत स्क्रू मारून बसवलेलं हवं. ज्या कुत्र्यांमध्ये टाके घालावे लागतील इतकं भांडण झालंय त्यांच्यामध्ये नेहमी दोन अडथळे असू द्या, म्हणजे दार आणि गेट, किंवा गेट आणि क्रेट (कुत्र्याचा पिंजरा). एक उघडं राहिलं तरी दुसरं असतं. आणि गेटच्या मधल्या भागावर पुठ्ठा किंवा चादर लावा. जाळीतून दिवसभर एकमेकांना रोखून बघणं हा विश्रांतीचा वेळ नव्हे. तुम्ही घरात नसताना खमकी कुत्री एकत्र मोकळी सोडायची नाहीत, मग वर्षभर काही झालेलं नसलं तरी.

आणि अचानक सुरू झालेलं भांडण असेल तर आधी पशुवैद्य. सांधेदुखी, कानाचा संसर्ग, किडलेला दात, यांपैकी काहीही असलं तरी एरवी चालणारा धक्का सहन होत नाही. वेदना तशीच ठेवून सराव करत बसण्यात अर्थ नाही.

आता भांडण पेटलंच तर.

[स्क्रीनवर: दोन माणसं, दोन कुत्री, बाणांनी दिशा]

कॉलरकडे हात न्यायचा नाही. माणसाला चावे बसतात ते बहुतेक असेच. ओरडूही नका, त्यानं जोर वाढतो. पहिल्या काही सेकंदांत मोठा धातूचा आवाज, बादलीभर पाणी, अंगावर टाकलेली जाड चादर, किंवा मध्ये सरकवलेली फळी. जवळ असेल ते. सुटली नाहीत तर दोन माणसांनी एकाच वेळी एकेका कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांपाशी धरून वर उचलायचे आणि मागे सरकताना अर्धगोल फिरत राहायचं. थांबलात तर कुत्रं वळून तुम्हाला चावेल. वेगळ्या खोल्यांची दारं बंद होईपर्यंत पाय सोडायचे नाहीत. एकटेच असाल तर जास्त आक्रमक कुत्र्याच्या कमरेभोवती पट्टा टाकून, तो पट्ट्याच्याच हातमुठीतून ओवून, दुसरं टोक जड फर्निचरला किंवा गेटला बांधा, मग दुसऱ्याला मागे ओढा.

हे सगळं कुत्र्यांनी पकड घेतलेली नसेल तेव्हा. एकानं दात रोवून धरलं असेल तर ओढलं की कातडी फाटते. अशा वेळी दोघांना एकमेकांजवळ धरून ठेवा, पकड सैल होण्याची वाट बघा, आणि त्या क्षणी वेगळं करा.

नंतर दोघांनाही त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. सुळ्याचं भोक बाहेरून तांदळाएवढं दिसतं आणि आत कातडी मांसापासून सुटलेली असते. वरून जखम बुजते, दोन-तीन दिवसांत आत पू होतो. माणसाला चावा बसला असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, घरचंच कुत्रं असलं तरीही.

परत एकत्र आणायची घाई नको. "आता शांत दिसतायत" म्हणून त्याच रात्री दार उघडतात, तिथेच दुसरं भांडण होतं. अंगातला ताण उतरायला दिवस लागतात. किमान तीन दिवस, आणि जखमा असतील तर त्या पूर्ण भरेपर्यंत, दोघं एकमेकांच्या नजरेआड. मग सुरुवात घराबाहेर, दोघांनाही आपली न वाटणाऱ्या जागी. दोन माणसं, दोन पट्टे, मधलं अंतर पंधरा मीटर, एकाच दिशेनं समांतर चालायचं. समोरासमोर आणायचं नाही. दोघं जमीन हुंगत, सैल अंगानं चालत असतील तर पुढच्या फेरीला दोन मीटर कमी. एकानं जरी रोखून बघितलं, तर मागच्या अंतरावर परत. दोन मीटरवर आठवडाभर काही झालं नाही की मग मोकळ्या जागेत तीन सेकंद हुंगू द्यायचं आणि हाक मारून पुढे न्यायचं.

या टप्प्यावर दोघांनाही मुसकं हवं, एकट्याला नाही. बास्केटचं घ्या, ज्यात तोंड उघडून धापता येतं, पाणी पिता येतं आणि नाकापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा उरते. तोंड आवळून धरणारं कापडी मुसकं यासाठी चालत नाही. कुत्रं मुख्यतः धापूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतं, ते बंद झालं की उष्माघाताची भीती. मुसक्याची सवय आठवडाभर आधीपासून लावा: आत खाऊ, नाक स्वतःहून आत, मग बक्कल, मग एक मिनिट.

घरात आणताना फर्निचर बाजूला करून मोठ्यात मोठ्या खोलीत आणा, दोघांच्या हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) हलका पट्टा लोळता ठेवा, पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे.

आणि काही जोड्या जुळत नाहीत. इशारा न देता थेट हल्ला होत असेल, प्रत्येक वेळी जखमा आधीपेक्षा खोल होत असतील, एक कुत्रं खोलीबाहेर यायलाच घाबरत असेल, तर वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याला गाठा आणि त्यांच्याशी दोनच पर्यायांवर बोला. एक, कायमचं वेगळं ठेवणं: आळीपाळीनं तीन-तीन तास मोकळं सोडायचं, दोघांना वेगळं फिरवायचं, वेगळा सराव, दोघांनाही माणसांचा पुरेसा सहवास. हे कुत्र्याच्या उरलेल्या आयुष्यभर करावं लागतं, म्हणून घरातल्या प्रत्येकाला आधी विचारा. घरात लहान मुलं असतील आणि दारं सतत उघडी राहत असतील तर हा पर्याय सोडून द्या. दुसरा, एकाला दुसरं घर शोधणं, जिथे ते एकटंच कुत्रं असेल. तिथे देताना भांडणांची सगळी माहिती लेखी द्या: कधी, कशावरून, किती टाके.