दीडशे कांड्यांची कादंबरी

नमस्कार मंडळी. कार्यकारिणीनं मला 'वाचनसंस्कृती' हा विषय दिलाय. एवढा जड शब्द आमच्या वडगावच्या घरात कधी शिरलाच नाही. शिरला असता तर दारातच मागाला अडकला असता. मी आपला आईबद्दल बोलतो.

बेळगावचं वडगाव म्हणजे विणकरांची वस्ती. वडील मागावर साडी विणायचे, आई रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायच्या नळ्यांवर धागा गुंडाळायची. उजव्या हातानं रहाट, डाव्या चिमटीत धागा. मग पुस्तक कुठं? मांडीवर. पान उडू नये म्हणून त्यावर एक भरलेली कांडी. कांडी बदलताना पान उलटायचं. त्यामुळं आमच्याकडं पुस्तकं पानांत मोजत नसत. "ही दीडशे कांड्यांची हाय," असं ती शेजारणीला सांगायची.

नायिका रडायला लागली की कांडी सैल पडायची आणि तिकडं धोट्यात धागा तुटायचा. वडील मागावरनं ओरडायचे, "कोण मेलं गं आज?"

आई डोळे पुसत म्हणायची, "अजून कोण नाही. पण लक्षण बरं दिसंना की ओ."

पुस्तकं सार्वजनिक वाचनालयातनं यायची. वाचनालय १८४८ सालचं. मुंबई-ठाणे आगगाडी सुटली १८५३ला. हे मी इथं मुद्दाम सांगतोय, बेळगावकरानं एवढी फुशारकी मारायचीच. ने-आण माझ्या सायकलवरनं. परत देताना तिथले काका पुस्तक टेबलावर झटकायचे, पानांतनं रंगीत धाग्यांचे तुकडे पडायचे. "आलं वडगावचं पुस्तक!"

मराठी संपलं की मिळेल ते वाचायची. बसच्या पाट्या वाचून वाचून कन्नड अक्षरं शिकली. मग गल्लीतली विजेची बिलं तिच्याकडं यायला लागली. ती आकडा शेवटी सांगायची, आधी नुसता सुस्कारा. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीलाही पिशवीत पुस्तक असायचं. "सीमाप्रश्न सुटायला वेळ हाय, तवर एक प्रकरण होतंय की."

आता माग बंद झाले. गेल्या वर्षी मी तिला झुलती खुर्ची घेतली, वाचायला दिवा घेतला. परवा फोनवर म्हणाली, "दुसऱ्या पानावर झोप लागते बघ. हाताला काम नाही तर डोळं कशाला जागं राहतील? माळ्यावरचा रहाट तेवढा काढून द्यायला सांग कुणाला तरी."