मूळव्याध नव्हे, शेकाचा डाग

(सोलापुरात ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, पत्रिकेत विषय मोठा छापलाय: प्रोस्टेटच्या कॅन्सरवर दिलेल्या शेकानंतर, म्हणजे किरणोपचारानंतर (रेडिएशन), लघवी, हाडं, संसार, सगळं. मी मात्र आधी मूळव्याधीवर बोलणार. एस.टी. स्टँडवरून निघा, 'मूळव्याध, भगंदर, बिनाऑपरेशन' हे भिंतीवर न वाचता घरी पोचून दाखवा. म्हणूनच शेक घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली आणि शौचाला लाल रक्त दिसलं, की माणसाला तोच पत्ता आठवतो.

बिघाड वेगळाच असतो. प्रोस्टेट गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला टेकलेलं, त्यामुळं थोडा शेक तिलाही बसतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आकसतात, अस्तराला प्राणवायू पुरत नाही, मग शरीर नव्या वाहिन्या काढतं. पातळ, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. कडक शौचाचा खडा घासला की फुटतात. तिथं कुणी मूळव्याध समजून रबराची रिंग चढवली, किंवा 'बघू तरी' म्हणून तपासणीला तुकडा काढला, तर जखम भरत नाही. कधी आरपार भोक पडून लघवी शौचाच्या वाटेनं येते.

म्हणून माझा हट्ट: शेकाचा कागद खिशात ठेवा. साल, एकूण मात्रा, बैठका. '६० ग्रे, २० बैठका' एवढं पुरे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). दुर्बिणीची तपासणी कराच, आतड्याचा कॅन्सर नाही हे कळायलाच हवं. पण कागद आधी दाखवा.

रक्त थोडं आणि हिमोग्लोबिन ठीक असेल, तर शौच मऊ ठेवून थांबायचं. इसबगोल घ्या, पण भरपूर पाण्याबरोबर. कोरडा घेतला तर उलट गच्च होतं. (पाणी चार दिवसांनी येतं, हे मला सांगू नका, पिण्यापुरतं असतं.) कडक भाकरी दुधात कुस्करा, शेंगाचटणी जपून. थांबलं नाही तर डॉक्टरांना विचारून सुक्राल्फेट या जखमेवर थर धरणाऱ्या औषधाचा एनिमा: २ ग्रॅम औषध २० मिलीमध्ये, सकाळ-संध्याकाळ, साधारण ४ आठवडे. डाव्या कुशीवर घ्यायचा आणि जमेल तितका वेळ धरून ठेवायचा. त्यानंही भागलं नाही तर अर्गॉन वायूनं वाहिन्या जाळतात. त्याआधी पोट पूर्ण साफ हवं. नुसत्या एनिम्यावर भागवलं, तर आतड्यातल्या वायूला ठिणगी लागून स्फोट झालेले आहेत. हसू नका, खरंच झालेत. हृदयासाठीची रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. पळतो.

लघवीत रक्त आलं तर लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) आणि मूत्राशयाची दुर्बीण. 'शेकाचंच असेल' म्हणून सोडू नका, तिथंही गाठ असू शकते. गुठळ्या अडकून लघवी बंद झाली तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना. तीन वाटांची नळी घालून मूत्राशय धुवावं लागतं. धार बारीक झाली तर मूत्रमार्ग आकसलेला असू शकतो. सतत घाई होते त्यांनी आधी चहा कमी करा, पाणी नव्हे. हट्टी रक्तस्रावाला बंद खोलीत बसवून दाबाखालचा प्राणवायू देतात, ३० ते ४० बैठका.

हार्मोनची इंजेक्शनं चालू असतील तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठी रक्तात तपासतात तो आकडा, एकदा थोडं वर गेलं म्हणून झोप उडवू नका, शेकानंतर ते मध्येच उसळून खाली येतं. सर्वात खालच्या आकड्यापेक्षा २ नं वाढलं, तर मात्र डॉक्टर गाठा.

संसाराचा प्रश्न राहिला. ताठरता शेकानंतर दोन-तीन वर्षांत हळूहळू कमी होते, त्यावर गोळ्या आहेत. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्यांना त्या चालत नाहीत. इथं उठून कुणी विचारणार नाही, ठाऊक आहे. दाराशी डबा ठेवलाय, चिठ्ठी टाका, नाव लिहू नका.