वारेतला पडदा

चिमट्यात धरलेला हा तुकडा पाहा. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढा पातळ. नऊ महिने तो एका बाळाभोवती होता. आज एका भाजलेल्या डोळ्यावर बसणार आहे.

बाळंतपणात वार पडते, आणि एरवी ती टाकूनच देतात. तिचा बाळाकडचा, अगदी आतला पडदा हा. आईने संमती दिली आणि एचआयव्ही, कावीळ ‘बी’, ‘सी’ व सिफिलिस यांच्या तपासण्या निर्धोक आल्या, तर ठरवून केलेल्या सिझेरियनमधली वार घेतात. पडदा सोडवून, धुऊन, कागदावर पसरून उणे ८० अंशांना गोठवतात. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. परका म्हणून शरीर त्याला सहसा झिडकारत नाही.

डोळ्यासाठी तो १९४० मध्ये वापरून पाहिला गेला, मग मागे पडला. १९९५ मध्ये सशांवरच्या प्रयोगांनी त्याला परत आणलं.

या डोळ्यात चुना उडाला होता. चुना आत आत शिरत जातो. काळं बुबुळ आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे मिळतात, त्या काठावर मूळपेशी असतात. बुबुळावरची त्वचा रोज झिजते आणि तिथूनच नवी येते. हा काठ जळाला, की पांढऱ्या भागावरची त्वचा रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढते. बुबुळ बदललं की झालं, असं आपल्याला वाटतं. पण काठच मेला असेल, तर नुसतं नवं बुबुळ टिकत नाही.

पडद्यातही बुबुळावरच्या त्वचेच्या मूळपेशी नाहीत. तो जमीन आहे, बी दुसरीकडून आणावं लागतं. शक्यतो रुग्णाच्याच चांगल्या डोळ्यातून. दोन्ही डोळे गेले असतील, तर नातेवाइकाकडून किंवा मृत्यूनंतर दान झालेल्या डोळ्यातून. मात्र मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मागे लागतात. इथे दुसरा डोळा शाबूत आहे.

आता पडदा कापसाच्या बोळ्याने टोकरून पाहतात. एका बाजूने चिकट तार सुटते. ती बाजू खाली. मग चांगल्या डोळ्याच्या काठाचा दोन मिलिमीटरचा तुकडा बारीक चिरून पडद्यावर पेरतात, जैविक गोंदाने चिकटवतात. ही सोपी रीत हैदराबादच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी एकतर काठाचा मोठा तुकडा काढावा लागे, नाहीतर पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागत.

काही दिवसांनी डोळ्यात पिवळा रंग सोडून निळा उजेड टाकतात. त्वचा नसलेली जागा हिरवी चमकते. प्रत्येक तुकड्याभोवती एक काळं वर्तुळ आहे, कालच्यापेक्षा जरा मोठं.