स्वतःचा ईमेल सर्व्हर : मेल येतो, पण पोचतो का?

नमस्कार. कोथरूडच्या आमच्या घरात कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक जुना संगणक अखंड चालू असतो आणि माझ्या डोमेनवरचे सगळे मेल त्यावरच येतात. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की मेल हरवत असतील ना, असे मला हमखास विचारले जाते. हरवत नाहीत. ज्या एसएमटीपी या नियमावलीवर मेलची ही देवाणघेवाण चालते, त्याचे मानक १९८२ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या सध्याच्या आवृत्तीनुसार, समोरचा सर्व्हर बंद असल्यास पाठवणाऱ्याने चार-पाच दिवस तरी पुन्हा पुन्हा प्रयत्न करावेत, अशी अपेक्षा असते. पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारे) आणि डव्हकॉट (आलेला मेल वाचायला देणारे) ही सॉफ्टवेअर एकदा नीट बसवली की मेल येण्याची बाजू फारसा त्रास देत नाही. खरी परीक्षा पाठवण्यात आहे.

बहिणीला पाठवलेला माझा पहिलाच मेल ५५० हा नकाराचा आकडा घेऊन परत आला, कारण माझ्या आयपी पत्त्याची पीटीआर नोंद नव्हती. आकड्यांवरून नाव सांगणारी ही उलटी नोंद डोमेनच्या मालकाला करता येत नाही. आयपी ज्याच्या ताब्यात आहे, त्यालाच ती करावी लागते. इंटरनेट पुरवठादाराच्या मदत केंद्राने मला राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले, तेही दोनदा. अखेर नोंद झाली, तर हाच पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या एका काळ्या यादीत असल्याचे कळले. आधीचा भाडेकरू उधारी बुडवून गेला की वाणी नव्याकडेही संशयाने पाहतो, तसाच हा प्रकार.

मेल खरोखर माझ्याच डोमेनचा आहे हे पटवायला आणखी तीन गोष्टी लागतात. कोणत्या आयपी पत्त्यावरून मेल निघू शकतो हे एसपीएफ सांगते, डीकेआयएम मेलवर सही करते आणि हे जुळले नाही तर काय करावे, हे डीमार्क सांगते. २०४८ बिटांची डीकेआयएम किल्ली डीएनएसमधल्या (डोमेनच्या नोंदवहीतल्या) २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. ती तोडून भरताना माझे एक अक्षर गळाले आणि अख्खा रविवार त्यात गेला. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल माझ्यासारख्या किरकोळ पाठवणाऱ्याकडूनही एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि पीटीआर मागते.

एवढे करूनही सोसायटीच्या सभेविषयीचा माझा मेल सेक्रेटरींना दिसला नाही. माझ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) २५०, म्हणजे ‘स्वीकारला’, असे स्पष्ट लिहिले होते. मेल त्यांच्या स्पॅममध्ये पडून होता आणि त्याची सूचना मला कोणीही देणार नव्हते. आता महत्त्वाचा मेल पाठवला की मी त्यांना फोन करतो.