मतदान केंद्राच्या दारातला पोलीस

श्रोतेहो, नमस्कार. मतदानाला गेलात की केंद्राच्या दाराशी पोलीस दिसतो, बहुतेकदा जोडीला होमगार्ड. हा माणूस दाराबाहेरच का थांबतो?

केंद्राच्या आत अधिकार चालतो तो केंद्राध्यक्षांचा. त्यांनी बोलावल्याशिवाय पोलिसानं उंबरा ओलांडायचा नसतो. मतदाराची ओळख पटवणं हेही मतदान अधिकाऱ्याचं काम. चूक होते ती बहुधा चांगल्या हेतूनं. आत आवाज चढतो आणि शिपाई मदतीला म्हणून आपणहून शिरतो. पण मतदान यंत्राजवळ वर्दी दिसली की साधा मतदार बिचकतो, आणि पुढे तक्रार झाली तर तिला आधार मिळतो. बंदोबस्तावर निघताना हे शिपायाला दहादा सांगावं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

बाहेर मात्र त्याचे डोळे उघडे हवेत. केंद्रापासून 100 मीटरच्या आत प्रचार करणं हा 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 130 खाली दखलपात्र गुन्हा आहे. म्हणून 100 मीटरवर चुन्याची रेषा आखतात. ती पायाखाली पुसली जाते आणि कार्यकर्ते पावलापावलानं पुढे सरकतात. दुपारी फक्की पुन्हा मारली, तर पुढची हुज्जत टळते.

खरी कसोटी शेवटच्या काही मिनिटांची. मतदानाची वेळ संपण्याआधी जे रांगेत आले, त्या सगळ्यांना मत देता येतं. केंद्राध्यक्ष सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, त्याही उलट्या क्रमानं: रांगेतल्या शेवटच्या माणसाला पहिला क्रमांक. त्या वेळी पोलिसानं दार सोडून रांगेच्या शेपटाशी उभं राहावं. तो पुढेच राहिला, तर मागून माणसं घुसतात आणि वाद पेटतो.

अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंत निवडणुकीच्या कामावरचे पोलीस त्याच कायद्याच्या कलम 28 अ नुसार निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर, म्हणजे त्या काळापुरते आयोगाच्या हाताखाली, मानले जातात. त्यामुळे मतदान संपलं तरी जबाबदारी संपत नाही. यंत्रं सशस्त्र पहाऱ्यात, ठरलेल्या मार्गानंच न्यायची. पुढे स्ट्राँगरूमला, म्हणजे यंत्रं ठेवायच्या खोलीला, दुहेरी कुलूप आणि दुहेरी कडं: आत केंद्रीय सशस्त्र दल, बाहेर राज्याचे सशस्त्र पोलीस. उमेदवारांचे प्रतिनिधी दारावर आपलं सील लावू शकतात आणि बाहेर पहाराही ठेवू शकतात. आत जाणारा अधिकारी कितीही मोठा असो, त्याचं नाव आणि वेळ पहाऱ्यावरच्या नोंदवहीत उतरलीच पाहिजे.