डॅशच्या पुढचा आकडा

हे टर्मिनल उघडलंय, मशीन डेबियन १२ वालं, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर चालणारं. टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रामचं व्हर्जन विचारलं की पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्राम बसवणारा आणि अपडेट करणारा, सांगतो ५.२.१५-२, मागे अजून एक छोटं शेपूट असतं, तेच सोर्स परत बिल्ड केल्याचं. आता नीट बघा, डॅशच्या आधीचं ५.२.१५ हे बॅश लिहिणाऱ्यांचं, आणि डॅशनंतरचा तो २ डेबियनवाल्यांचा. म्हणजे मूळ कोड घेतला, त्याला स्वतःचे पॅच, म्हणजे छोटे बदल, लावले, आपल्या पद्धतीने बिल्ड केला आणि मग तो आपल्याकडे आला. उबुंटू, फेडोरा असे लिनक्सचे इतर प्रकार, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं.

आणि बग दिसला की आपण काय करतो? प्रोग्रामचं नाव सर्च करतो, पहिलं जे पान येतं ते मूळ प्रोजेक्टचं, तिथे तक्रार टाकली की आपण मोकळे.

मे २०२४ मध्ये कीपासएक्ससीचं काय झालं ते बघा. हा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम. डेबियनच्या अनस्टेबल, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या शाखेत पॅकेज करणाऱ्याने ब्राउझर जोडणी, नेटवर्क अशी ऐच्छिक फीचर्स बिल्ड करतानाच काढून टाकली, विचार असा की कोड जितका कमी तितक्या हल्ल्याच्या वाटा कमी, आणि ज्यांना सगळं हवंय त्यांच्यासाठी कीपासएक्ससी-फुल नावाचं वेगळं पॅकेज दिलं. पण ज्याच्याकडे आधीपासून जुन्याच नावाचं पॅकेज होतं त्याने नेहमीसारखं अपग्रेड केलं, आणि ब्राउझरमध्ये आपोआप पासवर्ड भरणं बंद! त्या बिचाऱ्याला काय कल्पना की मधे कोणीतरी काय काढलंय, तो जाणार मूळ डेव्हलपरकडेच. आणि डेव्हलपरच्या कोडमध्ये तर सगळं जागेवर आहे. शेवटी त्यांना जाहीरपणे लोकांना सावध करावं लागलं. पॅकेज करणाऱ्याचा हेतू मला चुकीचा वाटत नाही, पण जुनं नाव पूर्ण व्हर्जनलाच ठेवायला हवं होतं, हे मला मनापासून वाटतं.

याहून गंभीर गोष्ट २००६ ची. डेबियनच्या ओपनएसएसएलमधून, म्हणजे एन्क्रिप्शनचं काम करणाऱ्या कोडमधून, दोन ओळी काढल्या गेल्या, कारण मेमरी तपासणारं व्हॅलग्रिंड तिथे वॉर्निंग देत होतं. पण गुप्त किल्ल्या ('की') बनवताना लागणारा रँडमपणा त्याच ओळींतून आत येत होता! उरला फक्त प्रोसेस आयडी, चालू प्रोग्रामला मशीन देतं तो क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे उघड झालं मे २००८ मध्ये, तोवर डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या कितीतरी एसएसएच किल्ल्या कोणालाही शोधून काढता येतील अशा झाल्या होत्या. मूळ ओपनएसएसएलमध्ये हा बग नव्हताच, तिथे जन्मभर शोधला असता तरी मिळाला नसता.

म्हणून आधी जायचं ते ज्याने पॅकेज दिलं त्याच्याकडे. डेबियनवर रिपोर्टबग ही कमांड आहे, पॅकेजचं नाव दिलं की व्हर्जन, ते ज्यांवर अवलंबून आहे ती पॅकेजेस, सगळं तीच गोळा करते, आधी कोणी तोच बग सांगितलाय का तेही दाखवते. उबुंटूवर उबुंटू-बग, फेडोरावाल्यांना बगझिला ही बग नोंदवायची साइट. आणि जमत असेल तर मूळ प्रोजेक्टचं ताजं व्हर्जन वेगळं टाकून बघा, तिथेही तेच होत असेल तर खुशाल थेट त्यांच्याकडे जा, त्यांना असाच रिपोर्ट हवा असतो.

आता शेवटची एक फाइल उघडू. डेबियनच्या सोर्स पॅकेजमध्ये पॅचेस नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या बऱ्याच फाइल्सच्या वरच्या भागात 'फॉरवर्डेड' अशी ओळ दिसेल. पुढे लिंक असेल तर हा बदल मूळ लेखकांना कळवलाय. पुढे 'नो' असेल तर बहुतेक त्यांना याचा पत्ताच नाही, आणि तुमचा रिपोर्ट वाचून ते रात्री जागून अशा कोडमध्ये बग शोधत बसतील जिथे तो नाहीचे.